दोन नळ्यांचा गोंद

प्रिय धाकट्या,

‘जी’ची वेलांटी आत्ता सुटली. बाकीचा ‘जी’ अजून दाराला धरून आहे. त्याच्यावर तेलाचा बोळा ठेवून, वरून प्लास्टिक चिकटवून मी फाटकाच्या पायरीवर बसले आहे. वीस मिनिटं हात लावायचा नाही असं पेंटरने बजावलंय. हात लावू नको म्हटलं की मला बसवत नाही, म्हणून वही घेतली. नखांत गोंद आहे, कागदावर तेलाचे ठसे येतील. चालवून घे.

गाडीवरची नावं काढते आहे. आज रविवार, लेसन नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सकाळी वीस मिनिटांत मोकळं झालं. हेअर ड्रायरने ऊब दिली, अक्षरामागे नायलॉनचा दोरा घातला, करवतीसारखा हळूहळू ओढला. आपलं आडनाव निघालं, ‘आणि चिरंजीव’ निघालं, खालचं ‘मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ निघालं. मागे राहिलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्याने पुसला. मग माझ्या बाजूचं दार घेतलं. तिथेही सगळं निघालं. एक शब्द सोडून. ‘चिरंजीव’पाशी दोरा तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला.

पेंटर म्हणजे समोरच्या गॅरेजमधला, तुला आठवत असेल, तू त्याला सतत वास घेतो म्हणून चिडवायचास. अजून तसाच आहे. त्याने दाराला नाक लावलं, नखाने टकटक केलं आणि म्हणाला, ‘मॅडम, हा स्टिकरचा गोंद नाही. हा दोन नळ्यांचा. अर्धा अर्धा पिळून कालवायचा तो. याने आम्ही लोखंड जोडतो. शब्द कोणी जोडला?’ मी म्हटलं, माहीत नाही. मग त्याने मला नियम सांगितले. ब्लेड लावायचं नाही. थिनर लावायचं नाही, लावायचंच असेल तर आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघायचं. ऊब द्यायची ती तळहात टेकवता येईल इतकीच. तेल गोंद विरघळवत नाही, फक्त कडेने आत शिरतं, त्याला वेळ द्यायचा. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड आडवं धरून सरकवायचं, उचकटायचं नाही. घाई केलीत तर गोंद राहील आणि रंग निघेल, असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

मी थिनर आतल्या कडेला लावून बघितलं. एकच पुसट हात फिरवला. फडक्यावर लाल आलं. ती जागा कोणाला दिसत नाही, दार उघडलं की मला दिसते.

वीस मिनिटं झाली. ‘जी’ निघाला. ‘रं’वर बोळा ठेवून परत आले.

गाडी विकते आहे. घेणारी नर्स आहे, माझीच विद्यार्थिनी. तीनदा नापास झाली, चौथ्यांदा परीक्षा घेणाऱ्यानेच थकून पास केली असं ती स्वतः सांगते. तिला हीच गाडी हवी, कारण हिच्यात तिला भीती वाटत नाही. फक्त नाव नको. ‘मॅडम, दारावर दुसऱ्याचा मुलगा घेऊन मी ड्युटीवर जाणार नाही,’ म्हणाली. मी हसले. आपल्या घरात या शब्दावर कोणी हसलेलं मला आठवत नाही.

तू दर रविवारी फोनवर विचारतोस, गाडी चालते ना. चालते. इंजिन दोनदा उघडलं, सीटची कव्हरं तीनदा बदलली. सकाळी सातला निघते, बाजाराचा चौक, कोर्टाचा चौक, पाण्याच्या टाकीचा चौक, परत घर. दिवसाला सात फेऱ्या. माझ्या बाजूच्या पायाशी एकच पेडल आहे, ब्रेकचं. त्याच्यावरचं रबर दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या गाडीत बसले होते, ती छान चालवत होती, तरी माझा पाय सारखा जमिनीत रुतत होता. उतरताना ती म्हणाली, अगं, माझ्या गाडीला भोक पाडशील.

विद्यार्थी मला चिरंजीव मॅडम म्हणतात. मागून नाही, तोंडावर. सातचा बेकरीवाला पहिल्या दिवशी पिठाच्या हातांनी दार उघडून म्हणाला, ‘चिरंजीव कुठायत?’ मी म्हटलं, बसा, मीच शिकवते. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, ‘चिरंजीव बाहेरगावी आहेत. तोपर्यंत ही बघते.’ ते प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगतात. चौदा वर्षं. सुरुवातीला मला वाटायचं हे लोकांसाठी आहे. मग लक्षात आलं की ते मलाही सांगताहेत.

बाबांच्या डोळ्यांचं तुला फोनवर पूर्ण सांगितलं नव्हतं. आता त्यांना उजेड कळतो आणि माणसाचा आकार कळतो. अक्षर दिसत नाही. तरी सकाळचा लेसन चुकवत नाहीत. मागे बसतात, इंजिन ऐकतात, आणि शिकणाऱ्याला कळायच्या आत त्याची चूक सांगतात. लोक माझ्यापेक्षा मागच्या सीटला घाबरतात. आत्ता ते वर पडलेत. मी खाली काय करते आहे म्हणून खिडकीतून विचारलं, मी सांगितलं, गाडी धुते आहे. ‘दाराच्या सांध्यात पाणी ठेवू नकोस,’ म्हणाले आणि आत गेले.

‘रं’ निघाला. अनुस्वार राहिला. तो तिळाएवढा आहे, पण कार्ड त्याच्यावरून घसरतं.

आता दुसरी बातमी. बसगाड्यांच्या डेपोत बायकांना चालक म्हणून शिकवायची पहिली तुकडी सुरू होते आहे. इथून सहा तासांवर. तिथली प्रमुख एकेकाळी आपल्याकडे शिकून गेली. तिने मला विचारलं, मी हो म्हटलं, पत्रही आलं. एक तारखेला हजर व्हायचं. दोन खोल्यांचं घर देतात, तळमजला आहे, बाबांना जिना नको. मी एकदा जाऊन बघून आले. बाबांना सांगितलं की दात दाखवायला चालले आहे. तिथे त्यांनी मला रिकाम्या मैदानात बस चालवायला दिली. सीट माझी, स्टिअरिंग माझं, तिन्ही पेडल माझी. शेजारी कोणीच नाही. मी सरळ गेले आणि मैदान संपलं तिथे थांबले, वळायचं सुचलंच नाही. प्रमुख लांबून ओरडली, ‘मॅडम, वळवा आता, पुढे भिंत आहे.’

बाबांना सोबत चला म्हटलं. आधी म्हणाले, तू जा. मग म्हणाले, जेवणाचं काय. मग म्हणाले, गाडी सोडून मी कसा येऊ. एवढ्यावर बोलणं थांबलं. गाडी दारात आहे तोवर ते इथे, ते इथे तोवर मी इथे. मी एक महिना याच्याकडे सगळ्या बाजूंनी बघितलं. दुसरीकडून रस्ता नाही.

तो गोंद कोणी लावला ते पेंटरला सांगितलं नाही. तुला सांगते.

तू गेलास ती दुपार. बाबा परीक्षेच्या मैदानावर गेले होते. तू माझ्याकडे येऊन म्हणालास, ‘ताई, मी जातोय, आणि मी परत येणार नाही हे त्यांना आज सांगू नकोस.’ मी तुझी बॅग भरली. मोजे विसरलास ते मागून धावत येऊन दिले. मीच म्हटलं, तू जा, दोन वर्षं मी सांभाळते. ही दोन वर्षं मी म्हटली होती, तू नाही, हे मला पक्कं आठवतं. तू गेल्यावर गाडी आत घ्यायला गेले तर माझ्या बाजूच्या दारावर ‘आणि’ होतं आणि पुढे काही नव्हतं. तो शब्द तू अख्खा सोलून काढला होतास, शिरोरेषेसकट, कुठेही न फाटता. डॅशबोर्डच्या खणात घडी घालून ठेवलेला सापडला. मला त्यात तुझा राग दिसला नाही. तुझी काळजीपूर्वक बोटं दिसली. बाहेर चाललेला माणूस इतक्या हळू का सोलतो, याचा विचार मी नंतर खूप केला.

तेव्हा विचार केला नाही. बाबा अर्ध्या तासात येणार होते, तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. ‘आणि’ एवढंच वाचून ते उभे राहतील, हे मला बघवणार नव्हतं. स्टिकरचा चिकटा धुळीने मेला होता, शब्द दाबला की उलगडून यायचा. गॅरेजमध्ये जाऊन पेंटरच्या बाकावरून दोन नळ्या उचलल्या. तो बाहेर होता. माचिसच्या काडीने कालवलं, अक्षरामागे भरलं, ताणून बसवलं, आणि दोन्ही तळवे दारावर दाबून उभी राहिले. बाबा आले तेव्हा मी तशीच उभी होते. म्हणाले, ‘काय धरून ठेवलंयस?’ मी म्हटलं, कुठे काय.

तर हे मीच जोडलं होतं. सहज निघेल असं मी काही ठेवलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. शब्द निघाला. अनुस्वारसुद्धा. रंगावर एक ओरखडा नाही, साबणाच्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं. दारावर ‘चिरंजीव’ लिहिलेलं आहे. आडनावही आहे, ‘स्कूल’ही आहे, पण हा शब्द सगळ्यांत ठळक. हात फिरवला तर गुळगुळीत. पेंटर फाटकाशी आला, बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, हा डाग कशाने जाईल. तो म्हणाला, ‘डाग नाही हा. हा मूळ रंग आहे. बाकीची गाडी उन्हाने उडालीय, मॅडम. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसलं नाही.’ पॉलिशने थोडं सारखं होईल, पूर्ण नाही, तो म्हणाला. नर्सला फोन केला. ती म्हणाली, हाताला लागत नाही ना, मग चालेल, सह्या आल्या की कागद घेऊन बसू.

कागदांसाठीच हे पत्र. तुला आठवणार नाही. तुझ्या अठराव्या वाढदिवसाला बाबांनी तुझ्यासमोर काही कागद ठेवले आणि तू एका हाताने खात खात सह्या केल्यास. गाडी तेव्हापासून तुझ्या नावावर आहे. दर वर्षी विम्याच्या कागदावर मी तुझं नाव बघते आणि फाईलमध्ये लावते. फोनवर विचारलं असतं तर तू ‘बघू’ म्हणाला असतास, आणि ‘बघू’वर सही करता येत नाही. सोबत फॉर्म आहे. पेन्सिलने फुल्या केल्यात, तीन ठिकाणी. मी तुला परत ये म्हणत नाही. बाबांना फोन कर असंही म्हणत नाही. सही दिलीस तर एक तारखेला मी बाबांना घेऊन जाईन. नाही दिलीस तर सातच्या लेसनला जाईन. गेल्या चौदा वर्षांत तुझ्याकडे मी काही मागितलं नाही, हे मोठेपणाने लिहीत नाही. मागायला हवं होतं, तुलाही बरं वाटलं असतं. सह्या गडद शाईने कर.

तुझीच,
ताई

ता. क. सोमवार सकाळ. बाबा सातला खाली आले. मागच्या दाराचं हँडल ते बॉनेटपासून गाडीला हात लावत शोधतात. पुढच्या दारावर हात थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. ‘कधी काढलंस?’ म्हणाले. मी म्हटलं, काल. ‘त्याला कळवलंस?’ मी म्हटलं, पत्र लिहिलंय, आज टाकते. बराच वेळ हात दारावर होता. मग म्हणाले, ‘कागद आहेत ना सोबत. तिकीट जास्त लाव, वजनाने परत येईल.’ मागे जाऊन बसले. बेकरीवाला आला. लेसन सात मिनिटं उशिरा सुरू झाला.