तेजश्रीच्या कॅल्शियमची जबाबदारी

३ जानेवारी
तेजश्रीचा रिपोर्ट आला. कॅल्शियम कमी, हाडं ठिसूळ व्हायला लागलीत. बायकोचं वय फक्त एक्कावन्न! डॉक्टर म्हणाले, जेवणानंतर रोज एक गोळी, दूध, नाचणी, ऊन. मी तिला सांगितलं, गोळ्यांचं डोक्यातून काढ, ते डिपार्टमेंट माझं. ती म्हणाली, अहो, माझं मी घेईन ना. मी ऐकलं नाही. फ्रिजवर चार्ट लावला.

५ जानेवारी
काल गोळी राहिली. मॅच होती. तिने विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, कॅल्शियम एक दिवसाआड जास्त मुरतं. तिला पटलं. मलाही जरा पटलं. चार्टवर टिक केली.

१२ जानेवारी, रविवार
दोघांनी गच्चीवर ऊन खायला जायचं होतं. शांती नगरात आमच्या गच्चीवर समोरच्या टॉवरमुळे ऊन सकाळी तासभरच. उठलो साडेबाराला. ती वाट बघून एकटीच पोळ्यांना लागली होती.

१९ जानेवारी
तेजश्री बाजारात असताना सासूबाई समुद्राकाठच्या त्यांच्या डोंगरी गावाहून आल्या. पिशवीभर सुकी मांदेली. म्हणाल्या, पोरीला काट्यासकट खायाला घाला, गोळीत काय न्हाय. पण शेजारच्या हंसाबेन वास आला की लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावतात. पिशवी ऑफिसातल्या रवीला देऊन टाकली. तेजश्रीला सांगितलं, मांजराने नेली. चौथा मजला.  तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी
चार्टवर एकतीस टिका. स्ट्रिपमधून गोळ्या गेल्यात नऊ. मेडिकलवाल्या अल्पेशला विचारलं, रोज तीन-तीन दिल्या तर? तो म्हणाला, अंकल, ऐसे बॅकलॉग नहीं भरता.

९ फेब्रुवारी
तेजश्री बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? ती म्हणाली, हो, हे आठवणीने देतात, हे सांगतात तशाच घेते. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिलो. तोही माझ्याकडेच बघत होता.

१२ फेब्रुवारी
तिची वेणी घातली. सुटली. पुन्हा घातली. मग सगळं सांगितलं. टिका, मांदेली, मांजर. वाटलं ओरडेल. ती म्हणाली, तीन-तीन दिवस गोळी नाही दिलीत, तेव्हा मला वाटलं तुम्ही डॉक्टरांना विचारलं असेल.
मग आईला फोन लावून द्या म्हणाली.

१६ फेब्रुवारी
सासूबाई तिला घेऊन गेल्या.  चहासुद्धा नको म्हणाल्या.

२३ मार्च, रविवार
प्लास्टर परवाच निघालं. आणायला डोंगरीला गेलो. नवीन साडी घेऊन. तेजश्रीच्या चेहऱ्यावर तेज आलंय. भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, मला वाढलं. मी म्हटलं, आता सगळं मी नीट बघणार, बॅग भर. ती म्हणाली, अहो, अजून थोडी राहते. विचारलं, किती?
ती म्हणाली, तुम्ही जेवून निघा, नंतर बस मिळत नाही.