हृदयाचं टोक

मॅडम, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुम्हाला लिहितेय, कारण पहिल्या वाक्यातच ज्याला सगळं कळेल असं दुसरं माणूस मला सुचत नाही.

गेल्या महिन्यात कोपरखैरण्याच्या सेंटरमध्ये, जिथे मी रोज मशीनपाशी बसते, तिथेच टेबलावर पडले होते. पाचवा महिना. सोनोग्राफी करणारी मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. समोरच्या स्क्रीनवर बाळाचं हृदय आलं, चारही कप्पे व्यवस्थित. ती हसली. मला मात्र तुमची खोली आठवली, जिथे तुम्ही मला हे शिकवलंत. असेच चार कप्पे दाखवून मी उठायला लागते आणि तुम्ही स्क्रीनवर पेन्सिल टेकवता. "टोक कुठे वळलंय ते कोण बघणार? आधी बाळाची डावी बाजू ठरव, मग बोल." टोक डावीकडे असावं, साधारण काटकोनाच्या निम्म्यानं कललेलं. माझ्या बाळाचं त्याहून बरंच जास्त, जवळजवळ आडवं वळलं होतं. असं वळलं की हृदयात दोष असू शकतो, हे तुम्हीच शिकवलेलं.

तिनं कोन मोजला, पुसला, परत मोजला, मग मला म्हणाली, "मॅडम, बाळ सरकलंय बहुतेक."

"सरकलं नाहीये. रक्तवाहिन्या बघ."

पोटावर जेल, वर तिचा हात. मला उठता येईना आणि डोळेही मिटवेनात. हे शिकलेच नसते तर निदान घरी पोचेपर्यंत सुखात असते.

बाहेर नवरा बसला होता, तळोज्याच्या कंपनीतून हाफ डे टाकून. "काय म्हणाली?"

"बाळ नीट दिसलं नाही. परत बोलावलंय."

खरं लपवायला हेच वाक्य एका पेशंटला ऐकवलं म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत. आणि मी आठ दिवस नवऱ्याच्या शेजारी जेवले, झोपले, पाळण्याचे फोटो बघितले. तो एकेक रंग विचारायचा आणि मी उत्तर द्यायचे. घरातही मी त्या टेबलावरच होते.

हृदयाच्या खास तपासणीला निघताना, चपला घालता घालता सांगितलं. तो दारातच खाली बसला. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "म्हटलं, तू सांगशील." मग रडला.

तपासणीत बाळाच्या हृदयात एक छिद्र निघालं, आणि फुप्फुसाकडे रक्त जाण्याची वाट अरुंद. जन्मानंतर ऑपरेशन करता येईल म्हणाले. खात्री कुणी दिली नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण एक लिहून ठेवते. तो दारात रडत होता तेव्हा मला वाईट वाटलं नाही, मॅडम. सुटल्यासारखं वाटलं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.