पांघरुणांचा किल्ला, इयत्ता चौथी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार
कमळा सावळाराम तरे, तुझ्या जाण्याला आज एकशे सात दिवस झाले. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तू आताच्या चौथीच्या मुलांकडून, ती पहिलीत असल्यापासून, दरवर्षी वर्गात पांघरुणांचा किल्ला करवून घ्यायचीस. यंदा ती जबाबदारी मी स्वीकारली आहे. मुख्याध्यापिका रूपाबाईंनी फार गळ घातली. (मी तीनदा भेटलो, त्यानंतर घातली.) तू मला सर्व काही सांगत असायचीस, त्यामुळे पद्धत ठाऊक आहेच. तुझ्या जागी मुले मला सहज स्वीकारतील.

६ ऑक्टोबर
आराखडा पूर्ण. दापोड्याच्या गोदामात एकतीस वर्षे सुपरवायझर होतो. चौतीस पांघरुणे म्हणजे किरकोळ माल. जड खाली, हलके वर, प्रत्येकाला टॅग. नात रुचिका याच वर्गात आहे. तिला सहायक नेमले. आजी असला कागद कधीच काढत नव्हती, असे ती म्हणाली. वयाचा दोष.

९ ऑक्टोबर
तालमीस रुचिका गैरहजर. पोट दुखत असल्याचा निरोप. संध्याकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना दिसली. इतक्या लवकर बरे वाटले, याचा आनंद आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ९.४०
उभारणी संपली. थप्प्या अगदी सरळ. मध्ये तीन फूट वाट. भावेश नावाच्या मुलाने विचारले की, आजोबा, हे तर गोदाम झालं, आत शिरायचं कुठून? छप्पर घातल्यास मालाची तपासणी होत नाही, हे त्यास समजावले.

९.५५
थप्प्या राहिल्या नाहीत. मुलांनी बाकांवर पांघरुणे टाकून स्वतःच काहीतरी केले. पुढाकार रुचिकाचा. माझ्या सहायकाचा!

१०.३०
आत कोणी बोलावले नाही. बाहेर खुर्ची टाकून देखरेख केली. तुझा, म्हणजे त्यांच्या बाईंचा, म्हणे नियम होता: घरी बोलता येत नाही ते इथे बोलायचे. जीवन म्हणाला, पप्पांची लूमवर रात्रपाळी, दिवसा नुसता शिंकलो तरी मार बसतो. मग दिशा म्हणाली, पयलं बाई बोलायच्या ना, आठवतं का काय बोलायच्या? सगळे एका सुरात ओरडले की, घरी डबा हलवला तरी साहेब रागावतात, मला इथंच बरं वाटतं! मग खूप हसले. रुचिकाने त्यांना दटावले: हळू बोला रे, साहेब बाहेर बसलेत.
नेहमीसारखे आबा म्हणाली नाही.

दुपारी १.१५
लहान मुलांची साक्ष ग्राह्य धरत नाहीत. शिवाय स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी लावलेली लेबले तुझ्याच सोयीसाठी होती.
चौतीस जणांना सांगितलेस, कमळा. मला नाही.
मुले गेल्यावर वाकून आत गेलो. गुडघ्यांमुळे बसता येईना, म्हणून आडवा झालो. शिपाई राघो डोकावून म्हणाला की, बाईपन अशाच पडून ऱ्हायच्या, घरी जायाचं नाव न्हाय. तुमी आटपा सावकाश, कुलूप लावून चाव्या आफिसात द्या.
पांघरुणे घड्या न घालताच ठेवली. दाराला कुलूप लावले. चाव्या परत केल्या. पोच घेतली नाही.