फुलपाखराची क्लिप

रविवार, संक्रांतीनंतरचा. डोंबिवली.

उद्या लेख द्यायचाय आणि डोक्यात केसांची क्लिप घोळतेय.

दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू होतं. बायकांना स्टीलची वाटी, लहान मुलींना फुलपाखराची क्लिप. मी साडी न नेसता ड्रेसवर गेले, तीच चूक. तिने कुंकू लावलं, हातात क्लिप दिली. वर, "कितवीला गं तू?"

सगळ्या हसल्या. मीही. सवय आहे. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्रेचाळीसच्या आहेत त्या!"

बिचारी ओशाळली. घाईने वाटी पुढे केली. "सॉरी हं काकू! घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मीच."

सासूबाईंनी लगेच तिळगूळ पुढे केला.

या लहानखुऱ्या चणीचा मी आयुष्यभर राग केला. पण मला शाळकरी समजणारं कुणी 'घरी कोण असतं' हा प्रश्न विचारत नाही. शाळकरी मुलीची घरी कुणीतरी वाट बघत असणार, हे ते धरूनच चालतात. क्लिप हातात होती तेवढा वेळ माझीही कुणी वाट बघत होतं.

आत्ता त्या वाटीत आमटी घेऊन जेवले. क्लिप परत द्यायची राहिली. राहिली कसली, मुठीत धरून आणली.