धवल्यातली नावं

सोम. १२ मे

परीक्षा संपून चार दिवस झाले आणि मी घरी जेवलेय एकदाच. आई म्हणाली, "बेलवलीत घर आहे तुझं, लॉज नाही." बरोबर आहे तिचं.

आज उल्हासनगरला जतीनच्या काकांचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात मध्ये आम्हाला तीन गाणी मिळाली. जतीन कीबोर्डवर, मयू ढोलकीवर, गायला मी. मस्त झालं. खोटं कशाला लिहू, फारच मस्त झालं. एक सिंधी आजी स्टेजपाशी येऊन माझा गाल ओढून गेल्या. काका एवढे खूश की रविवारी त्याच हॉलमध्ये अख्खा कार्यक्रम आमचा!!

जतीन म्हणे, "ओपनिंग को कुछ हटके चाहिए यार, जे कोणीच केलं नाय असं." मी लगेच म्हटलं, धवला. गेल्या वर्षी मयूच्या चुलतभावाच्या लग्नात तिची बेबीआत्या गात होती, तो सगळा माझ्या फोनमध्ये आहे. त्यांच्या पालेगावात आगऱ्यांचं लग्न आत्याच्या धवल्याशिवाय लागत नाही, भटजी असो वा नसो. चाल ऐकून काटा येतो अंगावर.

मयू: "आधी आत्याला विचार."

विचारेन की. नाही कशाला म्हणेल?

मंगळ. १३

कोंडेश्वर. तीन स्कूट्या, सहा जण. धबधब्याच्या जागी नुसते तापलेले दगड, तरी मजा आली. वाटेत बाईकडून जांभळं घेतली, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. त्याच जिभेने सावलीत बसून धवला म्हटला. आता पाठ आहे, ओपनिंगसाठी निवडलेली सगळीच्या सगळी कडवी, आत्या जिथे श्वास घेते तिथे मीही घेते. जतीनने खाली ठेका लावायचं ठरवलंय.

मयू दगडावर वाजवत होती, मध्येच थांबली. "विचारलंस?"

"परवा तुमच्याकडे हळदीला येतेयच ना, समोरासमोर विचारते."

ती परत दगडावर वाजवायला लागली. तिचं आपलं उगाच.

बुध. १४

अंबरनाथला कॉलेजच्या सिनियर्सचा कार्यक्रम ऐकायला गेलो. गिटारवाला बरा, गाणारी बेसूर. (हे बाहेर बोलायचं नाही.) नंतर मंदिराजवळ कुल्फी.

जतीनने पोस्टर पाठवलं. 'प्रथमच मंचावर: आगरी धवला', आणि खाली माझा भला मोठा फोटो. फोटो छान आलाय. बाबांनी कंपनीच्या ग्रुपवर टाकला, आनंदनगरच्या कारखान्यातले निम्मे लोक रविवारी येणार म्हणे. मयूने पोस्टर पाहिलं, अंगठासुद्धा दिला नाही.

गुरु. १५

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

मयूच्या चुलतबहिणीची, पल्लवीची हळद. चारच्या सुमारास मांडवात बायकांची गर्दी. आत्याचा घसा सकाळपासून गाऊन बसलेला, ती चहा घ्यायला पडवीत गेली. कोणीतरी म्हणालं, मयूची मैत्रीण गाते ना, तिला बसवा. मयू मानेने नको म्हणत होती. मी पाहिलं. पाहूनही बसले.

आवाज असा लागला की बायका गप्प झाल्या. मला वाटलं, जिंकलं. दुसरं कडवं, तिसरं... आणि नवरीच्या आईचा चेहरा एकदम पडला. मागून एक म्हातारी ओरडली, "अगो पोरी, दुसरीचा नवरा हिच्या गल्यान बांधलास की!"

धवल्यात नवरा-नवरीची नावं घालून गातात. ज्याचं लग्न त्याची. मी गेल्या वर्षीच्या लग्नातली नावं गात होते, तीही पुन्हा पुन्हा, ताना घेऊन. मला तो गाण्याचाच भाग वाटला होता!

थोड्या पोरी हसल्या. बाकी कोणी नाही. पल्लवी हळद लावलेल्या अंगाने खाली बघत बसली. तेवढ्यात आत्याने पडवीतूनच ओळ उचलली, बसलेल्या घशाने, बरोबर नावं घालून, आणि गात गात आत आली. मी उठले, ती माझ्या जागेवर बसली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

लाज वाटली. इतकी कधीच वाटली नव्हती.

शुक्र. १६

सकाळी एकटीच पालेगावला. आज लग्न, घरात धावपळ. नवरीच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊंदे बाय, झाला ता झाला," आणि हातात लाडू दिला. पण डोळे सुजलेले होते. अपशकुन झाला म्हणून रडली असणार, मयूने नंतर सांगितलंच.

आत्या मांडवात पाटाला रांगोळी घालत होती. मी रविवारचं विचारलं. आज तरी विचारलं.

आत्या: "स्टेजवर कोनाचा लगीन हाय?"

"कोणाचंच नाही. कार्यक्रम आहे."

"मंग नावा कोनाची घेशील?"

ती परत रांगोळी घालायला लागली. नाही म्हणाली नाही, हो तर नाहीच. मी अर्धा तास थांबले, मग नवरा आला, वाजंत्री सुरू झाली, मी निघाले.

शनि. १७

धवला काढला. जतीनला सांगितलं तर तो भडकलाच. "पोस्टर पे वही लिखा है! कोणतीपण दोन नावं टाक, क्या फरक पड़ता है?"

परवापर्यंत मीही हेच म्हणाले असते.

त्याला म्हटलं, पोस्टरवर माझा फोटो आहे ना, मग लोकांना मी दिसेन, ते दुसरं काहीही ऐकतील. माझा भरवसा माझ्या गळ्यावर आहे. तो हसला नाही. त्याच्या काकांनी हॉल दिलाय, तोंड त्याला दाखवायचंय, हे मला कळतं. तालीम केली, उरलेली गाणी झकास बसलीत. मयू आली होती. ढोलकी वाजवली, बोलली कामापुरतं. जाताना म्हणाली, "आत्याने तुझं नाव विचारलं. पूर्ण."

का ते तिलाही माहीत नाही.

रवि. १८

सकाळी साडेनऊला अनोळखी नंबर. बेबीआत्या! घसा अजून बसलेलाच. तिच्या मागे ओळ उचलणारी बाई नातीच्या बाळंतपणाला गेलीय, आणि आज अंबरनाथ पूर्वेला एका घरी हळद.

"मागं बसशील काय? नावा मी घेन, तू झेलाचा फक्त. पुढं बसाचा नाय."

"किती वाजता?"

"सा."

सहाला हळद, सातला आमचा कार्यक्रम. दोन तासांच्या आत धवला संपत नाही, हे मला फोनमधल्या रेकॉर्डिंगमुळे माहीत आहे.

"येनार नसशील तं आता सांग, मी दुसरी बघते."

मी म्हटलं, नावं सांगा. तिने सांगितली. मुलाचं, मुलीचं, दोघांच्या आईबापांची. मी हातावरच लिहून घेतली.

जतीनला काय सांगू? एवढी वर्षं स्टेज मागणारी मीच. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. आणि मागे बसून कोणाला दिसणार मी? तरी दुपारभर तोंडात तीच दोन अनोळखी नावं घोळतायत, आणि छान वाटतंय.

जतीनचे चार मिसकॉल. मयूचा एक मेसेज, 'आत्याकडे जातेयस??' उत्तर दिलं नाही अजून.

पाच वाजले. हातावरची नावं पुन्हा वाचली, स्कूटीची किल्ली घेतली. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "निघालीस? हॉलवरच ना?"

सांगते गं, चप्पल तर घालू दे.