शेवटचा बदल, सहा बेचाळीस

रत्नागिरी
गुरुवार, १८ डिसेंबर

प्रिय अनिल,

सत्तावीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. लोटे गावच्या कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो तेव्हापासून जे काय असेल ते तोंडावर. दोघांनी मिळून नोकरी सोडली, इथे होड्यांच्या इंजिनांचं गॅरेज टाकलं, पुढे पूर्णगडच्या होड्या तुझ्याकडे आणि इथल्या माझ्याकडे, तेव्हासुद्धा कागद केला नाही. आज करतोय. वाच सावकाश.

आधी खुशाली. नम्रता पुण्याहून रविवारी येतेय. लेक असली तरी ॲपच्या बाबतीत ती माझी मास्तरीणबाईच, गेलं वर्षभर व्हिडिओ कॉलवर माझे कान उपटते. तुला आठवत असेल, बावन्नाव्या वर्षी मी ॲप शिकायला बसलो तेव्हा तू पोट धरून हसलास. म्हणालास, विठ्या, पान्यानं मोबाईल उघडशील. पण प्रत्येक होडीवाल्याला आपल्या इंजिनाचं काय कधी बदललं ते हातातल्या मोबाईलवर दिसावं, एवढंच मला हवं होतं. तू पूर्णगडला नोंद करायची, ती सर्व्हरवर जायची, तिथून जेसन नावाच्या मजकुरात सगळ्यांच्या मोबाईलवर यायची. महिरपी कंसात वस्तूचं नाव आणि पुढे तिची माहिती, डब्यावर चिठ्ठी लावल्यासारखी. आपल्या ॲपनं ती वाचायची.

पहिल्यांदा वाचली कुठे! यादी कोरी. चार दिवस डोकं फोडलं, तेव्हा कळलं की यमुनाबाईंच्या होडीला इंजिन नंबरच लिहिलेला नव्हता, आणि त्या एका रिकाम्या जागेपायी एकतीसच्या एकतीस होड्या गायब. मग पहाटेच्या नोंदी आदल्या दिवशीच्या दिसायला लागल्या. सर्व्हर वेळ लिहितो ती विलायतेची, शेवटी झेड असतं, त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात, हे नम्रतानं शिकवलं. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे दिवस आणि महिन्याची उलटापालट. यमुनाबाईंची सात ऑगस्टची नोंद आठ जुलैची झाली होती, ती मी दुरुस्त केली. तो गाढवपणा मी तुला तुझ्या ओट्यावर बसून सांगितला. सावित्रीवहिनींनी फणसाची भाजी वाढली होती. आपण किती हसलो! तू खोदून खोदून विचारलंस, म्हणजे नक्की कसं उलटं होतं रे? मला बरं वाटलं. म्हटलं, गडी रस घेतोय.

त्यानंतर सोळा नोव्हेंबरला पूर्णगडच्या केरूच्या होडीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी तापून अडकलं. लाटांनी होडी खडकावर नेली. केरूचं कंबरेचं हाड मोडलं. इंजिन उघडलं तर ते थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, पाती झडून नुसता गाभा उरलेला. केरूची बायको, गोदावहिनी, दवाखान्याच्या दारात माझ्यासमोर मोबाईल धरून उभ्या राहिल्या. ह्यां बगा विठूशेट, तुमचा मोबायल काय सांगतोय तां. पडद्यावर होतं, पंखा बदलला, पाच ऑक्टोबर. दीड महिन्याचा पंखा असा झडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सर्व्हरवर पाहिलं, तिथे होतं, दहा मे. पाचवा महिना दहा तारीख, दहावा महिना पाच तारीख. माझीच जुनी चूक. पावसाळाभर वर ओढून ठेवलेल्या होडीतला तो मे महिन्याचा पंखा, चेपून कडक झालेला, आणि माझ्या ॲपनं त्याला नवा म्हणून सांगितलं.

पूर्णगडच्या देवळात बैठक झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझी आहे. त्यावर तू उठलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि सगळ्यांना म्हणालास, विठू अजून शिकतोय, सांभाळून घ्या त्याला. मला रडू आलं रे. लोकांनी सांभाळून घेतलं, पण एकतीसपैकी सव्वीस जणांनी ॲप काढून टाकलं. तेही ठीक. केरूनं मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं ते अजून फिरवलेलंच आहे. मी जातो, खाटेपाशी बसतो, उठून येतो.

महिनाभर मी स्वतःचीच चूक शोधत होतो. तारीख वाचायची एकेक ओळ तपासली. दिवस-महिना बरोबर. साडेपाच तास बरोबर. आणि खटकलं ते हे की उलटापालट होत असती तर यमुनाबाईंची सात ऑगस्टही उलटली असती. ती सरळ होती. सगळ्यांच्या सरळ होत्या. एकट्या केरूच्या तारखेशी माझ्या ॲपचं काय वैर असणार? तुला फोन करून हे म्हटलं तर तू म्हणालास, बघ परत, तारखेतच घोळ असणार. शेवटचा शब्द गिळलास. इंजिनाचा एक नट सैल असला तरी मला दारातून ऐकू येतो, अनिल. तुझा ऐकू आला, पण मी स्वतःला दटावलं.

मंगळवारी नम्रता म्हणाली, बाबा, ॲपला काय दिसतं ते सोडा, सर्व्हरकडून येतं तसं अख्खं जेसन एकदा छापून बघा. ॲप फक्त आपण सांगितलेलीच नावं वाचतं, बाकीची न बोलता टाकून देतं. छापलं. प्रत्येक होडीच्या शेवटी मी कधीच न मागितलेल्या दोन गोष्टी होत्या. नोंदीत शेवटचा बदल कधी झाला आणि कोणी केला. केरूच्या पुढे तुझं नाव होतं. आणि वेळ, सतरा नोव्हेंबर, एक वाजून बारा मिनिटं.

खरं सांगतो, मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, मध्यरात्री एक वाजता अनिल कशाला मोबाईल उघडेल, बिघाड असेल. तेवढ्यात शेवटचं झेड दिसलं. साडेपाच तास मिळवले. सकाळचे सहा बेचाळीस. तेव्हा आपण दोघं दवाखान्यात केरूच्या खाटेशी बसलो होतो. तू म्हणालास, चहा घेऊन येतो, आणि बाहेर गेलास. बऱ्याच वेळानं आलास. आलं घातलेला होता, मला आवडतो तसा. मी तो प्यायलो.

मग पाच ऑक्टोबर आठवला. तुझ्या मेहुणीचा साखरपुडा, सावर्ड्याला. पंखा बदलायचा राहिला, तरी तू तिथूनच बदलल्याची नोंद केली असशील, उद्या बदलू म्हणून. असं होतं, माझ्याकडूनही झालं असतं. दिवाळीच्या आत धक्क्यावर मी केरूचं इंजिन ऐकलं होतं, पंपाचं पाणी बारीक पडत होतं. तुला विचारलं, पंखा घातलास ना? तू म्हणालास, नवाकोरा. मी माझ्या कानांपेक्षा तुझ्या शब्दावर गेलो. तेही सोडतो. पण ओट्यावर हसत सांगितलेली माझी चूक तू जपून ठेवलीस, आणि वेळ आल्यावर पाच ऑक्टोबरची दहा मे करून नेमकी तीच माझ्या गळ्यात घातलीस, हे कुठे सोडू ते सांग.

फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून विरघळलो असतो, म्हणून लिहिलं. रविवारी दहा वाजता देवळात पुन्हा बैठक आहे, मीच बोलावलीय. नवं ॲप त्याच वेळी सगळ्यांच्या मोबाईलवर घालून देईन, ज्यांनी काढून टाकलं त्यांच्याही. त्यात प्रत्येक तारखेखाली बदल कोणी केला आणि कधी केला ते दिसेल, केरूच्याही. मला एक शब्द बोलावा लागणार नाही. पण गोदावहिनींना ते मोबाईलवर वाचायला लागू नये असं मला वाटतं. उद्या शुक्रवार, परवा शनिवार, दोन दिवस आहेत. केरूच्या खाटेपाशी माझी खुर्ची तशीच आहे. तू जाऊन बस. तो तोंड फिरवेल, तरी बस, आणि तुझ्या तोंडून सांग. शेवटचा शब्द गिळू नकोस.

रविवारपर्यंत तरी
तुझाच,
विठू