सेवेकऱ्याचा मोबाईल नंबर

नागापूर,
मंगळवार

प्रिय हमिदाचाची,

सलाम. मी कानिफनाथ. दोन वर्षांपूर्वी तुमच्या वाडीवर मोबाईल घेऊन देवळं-दर्गे मोजत आलेला, पायात दोन वेगळ्या चपला घातलेला पोरगा. तीन दिवस तुमच्या ओट्यावर झोपलो आणि जाताना तुमची पाण्याची बाटली घेऊन गेलो. ती द्यायची राहिली. पुढे ती कर्जतच्या बाजूला एका टेम्पोत विसरली, त्या टेम्पोवाल्याचं नावही आता आठवत नाही. पण पत्र बाटलीसाठी नाही. तुमची नात मेहरीन हे तुम्हाला वाचून दाखवील. मेहरीन, माझी लाज निघेल तिथे आवाज बारीक करू नकोस आणि काही गाळूही नकोस.

सध्या मी इथे एमआयडीसीत एका वर्कशॉपात आहे, लोखंडी जाळ्या घासतो. मधे पोल्ट्रीवर होतो, टेम्पोवर क्लीनर होतो, शिर्डीत चार महिने फुलांच्या दुकानात होतो. तिथली एक गंमत आहे, पण ती राहू दे. तुम्ही म्हणाला होता, "तुझ्या पायाला चाकं हायती का रं?" तर चाकं अजून आहेत. नागापूरहून भिंगार, तुमचं आताचं घर, काही लांब नाही, रिक्षा बदलत अर्ध्या-पाऊण तासाचं. या चार दिवसांत मी दोनदा आलो, चाची. एकदा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी भज्यांची गाडी आहे तिथवर. भजी खाल्ली आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा तुमचे परवेझभाई दारात स्कूटर धूत होते, त्यांनी मान वर केली आणि मी वळलो. तोंडाने होत नाही म्हणून लिहितोय. बारावीच्या पेपरानंतर मी एवढं पहिल्यांदाच लिहितोय, आणि त्यात मी नापास झालो होतो.

गेल्या गुरुवारी राहुरीला जाळ्या पोचवायच्या होत्या. काम झाल्यावर टेम्पोवाल्याला म्हटलं, तू हो पुढे, मी चाचीच्या हातची भाकरी खाऊन येतो. वाडीवर आलो तर तुमच्या दाराला कुलूप. कुलपाला गंज चढलेला. चिंचेचा पाला वाऱ्याने येऊन उंबऱ्याशी साठलेला, कुणी झाडलेला नाही. मला काहीच माहीत नव्हतं. वाटलं, तुम्ही गेलात की काय. मग चिंचेकडे धूर दिसला.

तुमच्या शेजारचे छगनमामा होते. चिंचेखालच्या ओट्यापाशी बसून ऊद जाळत होते. त्यांचे डोळे फार गेलेत, चाची. मोतीबिंदू वेळेत काढला नाही म्हणे. निखारा कुठे आहे ते बोटांनी चाचपतात, बोटांची टोकं काळी पडलीत. मी म्हटलं, मामा, आज तर गुरुवार. आवाजावरून ओळखलं त्यांनी. म्हणाले, "व्हय, गुरुवारच. भाभी भिंगारला पोराकडं गेल्या न् आता. मला त्यांच्यावानी दुवा म्हनता येत न्हाई. नुसता बसतो जरा, आन् उठतो." वर्षभर ते तुमचा गुरुवार धरतायत. वाडीतल्या कुणाला दिसू नये म्हणून भर दुपारी, लोक जेवायला बसल्यावर.

तुम्हा दोघांचं ते मी पाहिलं होतं. चुन्याने सारवलेल्या त्या लांबट ओट्याला तुम्ही चिंचवाले बाबा म्हणायचा, मामा चिंचनाथ म्हणायचे. गुरुवार तुमचा, सोमवार त्यांचा. तुम्ही ऊद जाळायचा, ते नारळ फोडायचे, आणि झाडलोट जो आधी उठेल त्याची. मी विचारलं होतं, खाली नक्की आहे कोण? तुम्ही म्हणालात, "आमाला काय उकरून बघायचं हाय व्हय?" आणि मामा तिकडून शेळी पिळता पिळता ओरडले, "भाभी, त्याला इचारा, त्येच्या मोबाईलला दिसतंय का खालचं!" तुम्ही पदर तोंडाला लावून किती हसलात. चाळीस वर्षांचा शेजार म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही. मी कुठे चाळीस दिवस टिकतो?

आता त्या कामाचं सांगतो, कारण तेव्हा मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. पुण्याची एक कंपनी होती. सगळे धर्म, त्यांचे पंथ, देव, पीर, सण, जागा, सगळं एका मोठ्या माहितीच्या कोठारात रकान्यारकान्यांनी भरायचं, म्हणजे कुणीही काहीही विचारलं की उत्तर तयार. आम्हा पोरांना राहुरीच्या एका मंगल कार्यालयात दोन दिवस शिकवलं, वर आदल्या लग्नाच्या झालरी तशाच. सरांनी फळ्यावर झाड काढलं. खोड म्हणजे धर्म, फांदी म्हणजे पंथ, डहाळी म्हणजे दैवत आणि पानं म्हणजे आम्ही शोधायच्या जागा. मी विचारलं, सर, एखादं पान दोन फांद्यांना असलं तर? सर म्हणाले, "एका नोंदीला एकच बाप. न्हाईतर कॉम्प्युटर गोंधळतो." मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या गावात मानसाचंबी तसंच धरत्यात, सर!" सगळे हसले, मीही हसलो, आणि माझा प्रश्न तिथेच राहिला. जेवणात जिलेबी होती.

तर चिंचेच्या नोंदीत 'सेवेकरी' असा रकाना होता. एकच नाव मावायचं. खाली त्याचा मोबाईल नंबर, त्याला लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही. तुमच्याकडे मोबाईल नव्हता. मामांकडे होता, तो बटणांचा, रबराने बांधलेला. म्हणून नाव मामांचं टाकलं. एवढंच कारण, चाची, दुसरं काही नाही. मग त्या नंबरावर सहा आकडे येतात, ते भरायचे. मामा शेळीच्या पायाशी बसलेले, सदरा खुंटीला. मी म्हटलं, मामा, जरा फोन बघतो. ते म्हणाले, "बघ की." मी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, आकडे वाचले, भरले, फोन परत ठेवला. आकडे कसले, त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आणि धर्माचा रकाना. त्याच्या आधीची माझी नोंद वाटेवरच्या मारुतीची होती. त्या फॉर्मात 'मागीलप्रमाणे' असं बटण असतं. ते दाबलं की सगळे रकाने आधीच्या नोंदीसारखे भरतात, आपण नाव आणि फोटो तेवढा बदलायचा. दिवसाला चाळीस जागा भरायच्या होत्या, माझ्या बत्तीस झाल्या होत्या, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि तुम्ही आतून हाक मारत होता, "आधी खा, मंग लिव्ह तुझं मोबाईलमधी." बाजरीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी बटण दाबलं. मामांच्या तोंडचं चिंचनाथ हे नाव लिहिलं, कारण ते आधी ऐकलं होतं. धर्म मारुतीचाच राहिला. शेवटी तो फॉर्म विचारतो, सर्व माहिती बरोबर आहे का? मला दिसलं होतं, चाची. दिसलं नव्हतं असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. मनात म्हटलं, उद्या बदलू. उद्या मी विहिरीवर पोहायला गेलो. महिन्याभराने सरांचा फोन आला, "ते चिंचेखालचं हिंदूच ना रे?" मी पोल्ट्रीच्या गाडीत, मागे कोंबड्यांचा कालवा. म्हटलं, "हो सर, असंल."

पुढचं तुम्ही सोसलेलंच आहे. मला ते मामांकडून कळलं. वाडीतल्या पोरांना ती नोंद मोबाईलवर सापडली, त्यांनी पत्र्याचा बोर्ड ठोकला, एकच नाव लिहून. तुम्ही विचारायला गेलात तर सरपंच म्हणाले, ऑनलाइन तसंच आहे. मेहरीनने तुम्हाला वाचून दाखवलं: चिंचनाथ मंदिर, धर्म हिंदू, सेवेकरी छगन, सदर माहितीची पडताळणी सेवेकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून केली आहे. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "छगनभाऊ, तुमच्या फोनवरनं झालंय म्हनं?" ते न्हाई म्हणाले. तुम्ही तिथूनच घरी फिरलात, आणि चौथ्या दिवशी परवेझभाई सामान न्यायला आले. माझं नाव कानिफनाथ, मोबाईल माझ्या हातात, तरी तुमच्या मनात माझ्याविषयी आलं नाही. आलं ते चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याविषयी. पोरगं आपल्या ताटात जेवलंय, ते असं कशाला करील, असंच वाटलं असणार तुम्हाला.

आता तुम्हाला माहीत नाही ते सांगतो. मामा मला म्हणाले, "भाभीला पोराकडं ऱ्हायला जायचं हुतं तर जायाचं की सरळ. माझं नाव कशाला घातलं मधी? समद्या वाडीम्होरं खोटं बोलल्या. माझ्या फोनवरनं म्हनं! मला फोन लावता येतो आन् उचलता येतो, तिसरं काय येतंय मला?" बोलता बोलता त्यांनी चाचपत माझ्या हातात चहाचा कप दिला. म्हणजे तुम्हाला वाटतं ते खोटं बोलले आणि त्यांना वाटतं तुम्ही. दोघंही खरंच बोलला होता. हे जगात मला एकट्याला माहीत होतं आणि मी त्यांच्यासमोर बसलो होतो. मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "चहा झकास झालाय, मामा." मग टेम्पो चुकेल म्हणून उठलो. टेम्पो तर कधीच गेला होता. राहुरीपर्यंत चालत आलो.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीला फोन लावला. ते सर सोडून गेलेत. एका पोरीने सगळं ऐकून घेतलं, बिचारी चांगली बोलली. म्हणाली, दुरुस्ती होते, फक्त सेवेकऱ्याच्या त्याच नंबरावर परत सहा आकडे येतील, ते सांगा. मामांचं ते सिम रिचार्जविना बंद पडून सात महिने झाले, नंबर दुसऱ्याला गेलाय. शिवाय ती म्हणाली, आमच्याकडून ही माहिती आणखी कुणाकुणी उचललीय, तिथलं आमच्या हातात नाही. मी आणखी विचारलं, तेव्हा तिने तक्रारीचा नंबर लिहून घ्यायला सांगितला. लिहून घेतलाय. त्यातून काही होईल असं मला वाटत नाही, आणि तुम्हाला तशी आशा लावणार नाही. बोर्डही कुणी काढणार नाही.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या रविवारी राजेश्वरीताई, मामांची लेक, त्यांना कायमचं नाशिकला नेणार आहे. शेळ्या विकून झाल्या. मामा म्हणाले, आता परत येणं नाही. जाण्याआधी त्यांना खरं कळलं पाहिजे, आणि ते मला त्यांच्या तोंडावर सांगता येत नाही, एकदा करून बघितलं. तुम्ही समोर असलात तर सांगावंच लागेल. परवा गुरुवार आहे. मी सकाळी नऊला टेम्पो घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबतो. माफी मागत नाही, वाटेत बोलला नाहीत तरी चालेल, वाडीवर उतरल्यावर हवं ते बोला, मामांच्या देखत बोला. फक्त एक करा, चाची. गाडीत मला ड्रायव्हरच्या अंगाला मधे बसवा आणि तुम्ही दाराच्या कडेला बसा. मी स्वतःला ओळखतो, नाहीतर राहुरीच्या फाट्यावर उतरून जाईन.

तुमच्या ताटात जेवलेला, तुमचाच
कानिफनाथ